डोस डबल केला तर फुटवा डबल येतो का?



परवा रात्री एका पोरानं मेसेज टाकला. "अण्णा, मिरची लावून आठ दिवस झालेत. १९:१९:१९ ची आळवणी करायची आहे. सांगितलेल्या मापाच्या डबल टाकलं तर फुटवा लवकर येईल का?"

मी एका शब्दात उत्तर दिलं, "नको." मग राहवलं नाही म्हणून फोन लावला. पण 'का नको' ते फोनवर धड सांगता आलं नाही. म्हणून आज बसून लिहितोय. जरा मोठं झालंय, पण शेवटपर्यंत वाचा. यात माझ्या मिरचीची गोष्ट आहे आणि माझ्या नातवाचीही आहे. दोन्हीकडं चूक एकच, आणि दोन्हीकडं ती मीच केलेली.

आधी मिरची.

सहा वर्षं झाली. वरच्या वीस गुंठ्यांत मिरची लावली होती. बेड, ठिबक, मल्चिंग सगळं व्यवस्थित. साडेतीन हजार रोपं. आठव्या दिवशी आळवणी करायची ठरली. माप होतं पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम. माझ्या मनात आलं, एवढ्याशानं काय होतंय? शेजारच्या रानातली मिरची माझ्या आधी चार दिवस लावलेली, ती पुढं गेलेली दिसत होती. मी पंपाला अर्धा किलो टाकलं. वर मूठभर युरिया. चांगलं ढवळलं, बुडात घट्ट ओतलं आणि घरी येऊन निवांत जेवलो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास रोपांनी माना टाकल्या. मला वाटलं ऊन आहे, संध्याकाळी उठतील. उन्हानं कोमेजलेलं रोप रात्रीत सावरतं, हे आपल्याला माहीत असतंच. पण ती रोपं संध्याकाळी उठली नाहीत. सकाळीही तशीच. बोटानं माती उकरून बघितली तर बुडात चांगली ओल. मुठीत दाबली तर लाडू व्हावा एवढी. पाणी आहे आणि रोप तहानेनं मरतंय. हे काय गौडबंगाल ते कळेना.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. एक रोप उपटून बघितलं. पांढरी मुळी पार तपकिरी झालेली. दुकानात पळालो. तिथून दोन बाटल्या आणल्या, एक बुरशीची आणि एक टॉनिक. त्याचीही आळवणी केली. म्हणजे खारात आणखी खार. निम्म्याहून जास्त रोपं गेली. त्या वेळी सगळ्यांना सांगितलं, रोपंच खराब होती, नर्सरीवाल्यानं फसवलं. खरं काय ते मलाच माहीत नव्हतं.

आता हिशोब करतो तेव्हा अंगावर काटा येतो. पंधरा लिटरला अर्धा किलो म्हणजे लिटरला ३३ ग्रॅम. वर युरिया. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आठ दिवसांच्या रोपाला मी जवळजवळ समुद्र पाजला होता.

पण हे तेव्हा कळलं नाही. कळायला माझा नातू आजारी पडावा लागला.

मागच्या वर्षीचा मे महिना. थोरली मुलगी सुट्टीला आलेली. तिचं पोरगं दोन वर्षांचं. आंबे, कलिंगड, बर्फाचा गोळा, सगळं चाललं होतं. एका रात्री त्याला जुलाब सुरू झाले. सकाळपर्यंत सात-आठ वेळा. घरात ओआरएसचं मोठं पाकीट होतं. मुलगी पोराचे कपडे धुवायला गेलेली, म्हणून मीच उठलो. पेला घेतला, पाकीट फोडलं आणि सगळं त्या एका पेल्यात ओतलं. पाकिटावर 'एक लिटर पाण्यात' असं लिहिलेलं असतं. मी वाचलं नाही. मनात तोच जुना हिशोब, पोरगं अशक्त झालंय, जरा घट्ट दिलं तर ताकद लवकर येईल.

चमच्या-चमच्यानं त्याला पाजत बसलो. पोरगं तोंड वाकडं करत होतं, पण तहानेपायी पीत होतं. अर्धा पेला गेला असेल. तासाभरात त्याला उलटी झाली. जुलाब थांबायचे सोडून वाढले. ओठ कोरडे, रडतंय पण डोळ्यांत पाणी नाही. सारखं "पानी, पानी" करतंय. मुलगी म्हणाली, "अण्णा, ह्याचं काय खरं दिसंना. गाडी काढा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळू खाली बसली. मग त्यांनी विचारलं, "ओआरएस दिलं का?"

मी म्हणालो, "दिलं की. अख्खं पाकीट."

"किती पाण्यात?"

मी हातानं पेला दाखवला.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाल्या, "काका, तुम्ही त्याला पाणी दिलं नाही. होतं ते काढून घेतलंत."

मुलीनं माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. ती नजर अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पोराला सलाईन लावलं. रात्रभर तिथं होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ते खेळायला लागलं. नीट मापानं केलेलं ओआरएस आणि चौदा दिवस झिंकच्या गोळ्या, एवढ्यावर खडखडीत बरं झालं. पण त्या रात्री बाकड्यावर बसल्या-बसल्या मला ती मिरची आठवली. बुडात ओल होती आणि रोप तहानेनं मेलं. पोराला मी पाजत होतो आणि पोरगं "पानी, पानी" करत होतं. म्हटलं, ह्या दोन्हीत काहीतरी एकच आहे.

त्याचं उत्तर माझ्या पुतणीकडं मिळालं. आठवीत आहे. तिला शाळेतून प्रयोग करून आणायला सांगितला होता. आमच्या सांगली भागात बेदाण्याला काय तोटा नाही. तिनं दोन वाट्या घेतल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं घट्ट पाणी. दोन्हीत पाच-पाच बेदाणे. चार-पाच तासांनी बघितलं तर साध्या पाण्यातले टम्म फुगलेले आणि मिठाच्या पाण्यातले तसेच सुरकुतलेले. मग मी आपलं डोकं चालवलं. फुगलेले दोन बेदाणे उचलून मिठाच्या वाटीत टाकले. सकाळी बघतोय तर तेही आकसलेले. पाण्यात बुडून होते आणि वाळले होते!

पुतणी म्हणाली, "मोठे पप्पा, ह्याला परासरण म्हणतात."

मी दहावी झालोय. हा शब्द आम्हालाही होता. पाठ केला, पेपरात लिहिला, मार्क घेतले आणि विसरलो. चाळीस वर्षांनी त्याचा अर्थ कळला.

तर मंडळी, परासरण म्हणजे काय, मला समजलं तसं सांगतो.

झाड असो, जनावर असो, माणूस असो, सगळे बारीक-बारीक पेशींचे बनलेले. प्रत्येक पेशीला एक पातळ पडदा असतो. त्यातून पाणी सहज आत-बाहेर जातं. मीठ, साखर, खत यांना तेवढं मोकळं जाता येत नाही. आता पडद्याच्या एका बाजूला विरघळलेलं कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त असलं, तर पाणी जास्त असलेल्या बाजूकडं जातं. कायम. ते कुणाचं ऐकत नाही. तुम्ही किती पाणी दिलं हे ते बघत नाही, कुठल्या बाजूला घट्ट आहे एवढंच बघतं.

बाहेरचं पाणी पेशीतल्या रसापेक्षा पातळ असलं तर पाणी आत शिरतं. पुस्तकात त्याला अवपरासारी द्रावण म्हणतात. दोन्हीकडं सारखं असलं तर समपरासारी, जेवढं आत जातं तेवढंच बाहेर येतं. बाहेर जास्त घट्ट असलं तर अतिपरासारी, मग पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जातं. माझी मिरची आणि माझा नातू, दोघं ह्या तिसऱ्यात सापडले.

हे मी आमच्या घरच्यांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्या कैऱ्या चिरत होत्या. म्हणाल्या, "मीठ लावलं की कैरीला पाणी सुटतंच की. त्यात शिकायचं काय?" खरं आहे. लोणचं घालणाऱ्या बाईला हे कायमच माहीत असतं. लोणचं वर्षभर टिकतं त्यातही हेच कारण आहे. त्या खारात जंतू पडला तर त्याच्याच अंगातलं पाणी निघून जातं, तो वाढायचा कुठून?

आता रोपाचं बघू. झाडाच्या पेशीला पडद्याच्या बाहेरून एक भिंत असते. सायकलच्या ट्यूबवर टायर असतो ना, तसं समजा. आत पाणी भरलं की ट्यूब टायरला दाबते आणि चाक टणक होतं. कोवळं रोप ताठ उभं असतं ते ह्याच दाबावर, त्याला काय हाडं नसतात. पाणी निघालं की ट्यूब आकसते, टायरपासून सुटते आणि रोप मान टाकतं. मुळाजवळ खताचं पाणी मुळीच्या रसापेक्षा घट्ट झालं की ओल असून उपयोग नाही. मुळी पाणी ओढत नाही, उलट तिचंच पाणी मातीत जातं. सगळ्यात आधी मरते ती पांढरी मुळी, कारण तीच सगळ्यात कोवळी.

माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना ही भिंत नसते. नुसती ट्यूब, टायर नाही. साध्या पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात आणि घट्ट मिठात टाकल्या तर आकसतात. म्हणून शिरेतून नुसतं पाणी कधी देत नाहीत. नेहमीच्या सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, रक्ताला जुळेल असं.

आणि ओआरएस? मोठ्या पाकिटात साडेवीस ग्रॅम पावडर असते. त्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, बाकी पोटॅशियम आणि सायट्रेट. ही एक लिटर पाण्यासाठी. तेवढ्या पाण्यात ते रक्तापेक्षा थोडं पातळच होतं, म्हणून पाणी आतड्यातून अंगात जातं. साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या पेशीत साखर शिरताना मिठाला सोबत घेऊन जाते आणि त्यांच्या मागं पाणी जातं. हिशोबानं बसवलेलं काम आहे ते. मी ती पावडर पाव लिटरच्याही आतल्या पेल्यात घातली. म्हणजे चार-पाच पट घट्ट. नुसत्या मिठाचा हिशोब धरला तरी सलाईनपेक्षा जास्त खारट. मग आतड्यातलं पाणी अंगात जायचं सोडून अंगातलं पाणी आतड्यात उतरलं. जुलाब वाढणारच.

ह्या साध्या पावडरीची ताकद किती, ते सांगतो. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तिथं डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजची पावडर मापानं तयार करून पाण्यात कालवून लोकांना पाजायला लावली. मरणाचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाला. तेच मीठ, तीच साखर, तेच पाणी. त्यांनी मापानं दिलं आणि माणसं वाचली. मी बिनमापाचं दिलं आणि घरातलंच पोरगं दवाखान्यात नेलं.

आता आपल्या रानाकडं येऊ. ज्यांची मिरची नाही त्यांनी पण वाचा, कारण ही गोष्ट उसाची आहे.

माझी खालच्या पट्टीत सव्वा एकर आहे. वडिलांच्या काळात तिथं एक नंबर ऊस यायचा. उपसा सिंचनाचं पाणी आलं आणि आम्ही पाट फोडून देत सुटलो. ऊस पिवळा दिसला की पाणी. शेंडा सुकला की आणखी पाणी. खालून निचरा नाही. पाण्याची पातळी वर आली, उन्हानं पाणी उडून गेलं आणि क्षार वर राहिले. उन्हाळ्यात रानावर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर दिसायचा. ऊस गुडघाभर ओलीत उभा आणि पानं वाळलेली. वडील म्हणायचे, "रान रुसलंय." रान रुसलं नव्हतं. मातीतलं पाणी उसाच्या रसाशी ओढाताण करत होतं आणि ऊस हरत होता.

उसाला क्षार फार सोसत नाहीत. मातीच्या संपृक्त अर्काची ईसी १.७ च्या पुढं गेली की त्याचं उत्पादन घटायला लागतं. कापूस साडेसातच्या पुढंपर्यंत तग धरतो. रिपोर्ट बघताना ईसी कुठल्या पद्धतीनं काढलीय ते लॅबवाल्याला विचारून घ्या, पद्धत बदलली की आकडा बदलतो.

त्या पट्टीत दोन वर्षांमागं सच्छिद्र पाईप टाकून निचरा काढला. आता वरून दिलेलं पाणी क्षार धुऊन खाली जातं आणि पाईपातून बाहेर पडतं. निम्मं रान परत आलंय. एक कोपरा अजून पांढराच आहे. तिथं धैंचा केलाय, बघू. ज्यांची जमीन क्षारपड नसून चोपण आहे, त्यांना आधी जिप्सम लागतं, नुसत्या धुण्यानं भागत नाही. म्हणून माती तपासल्याशिवाय काही करू नका.

उलट्या बाजूनं पण हे घडतं. द्राक्षवाल्यांना विचारा. मण्यात १८-२० ब्रिक्स साखर भरलेली आणि वरून अवकाळी पडला की मणी तडकतात. आत साखर घट्ट, बाहेर पावसाचं पाणी एकदम पातळ. पाणी मण्यात शिरतं, सालीला ताण सोसत नाही. तिथं माणसाच्या हातात फार काही नसतं. पण खताचं माप आपल्या हातात आहे.

आता मी काय करतो ते लिहितो. पटलं तर घ्या.

एक. खत वजन करून टाकतो. मूठ, ओंजळ, अंदाज बंद. साधा वजनकाटा शेडमध्ये ठेवलाय.

दोन. ईसी मोजायचं छोटं मीटर घेतलंय. आधी नुसत्या विहिरीच्या पाण्याची ईसी बघतो, मग खत टाकल्यावरची. विहिरीचं पाणीच खारं असलं तर खताचं माप आणखी कमी.

तीन. कोवळ्या रोपाला थोडं-थोडं, पण वरचेवर. महिन्याचं एकदम देऊन मोकळं व्हायचं नाही.

चार. सगळी खतं सारखी खारट नसतात. सोडियम नायट्रेटला १०० धरलं तर पांढऱ्या पोटॅशचा क्षार निर्देशांक ११६ आहे आणि सल्फेट ऑफ पोटॅशचा ४६. क्षारपड रानात, कोवळ्या पिकाला हा फरक महत्त्वाचा.

पाच. चुकून जास्त पडलंच, तर टॉनिकच्या मागं पळू नका. निचऱ्याचं रान असेल तर लगेच साधं पाणी सोडून खत मुळीच्या खाली धुऊन काढा. मी पहिल्या दिवशी हे केलं असतं तर बरीच मिरची वाचली असती.

आणि सहावं, रानाबाहेरचं. ओआरएसच्या पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते वाचा. मोठं पाकीट लिटरचं असतं, छोटं २०० मिलीचं. घट्ट करू नका, अंदाजानं पातळही करू नका. जुलाब झालेल्या पोराला कोल्ड्रिंक पाजू नका, त्यातली साखर तेच काम करते जे माझ्या पेल्यानं केलं. पोरगं सुस्त पडलं, लघवी कमी झाली, पोटात काही राहीना, तर घरी थांबू नका.

त्या मेसेजवाल्या पोराचा काल परत फोन आला. म्हणाला, "अण्णा, ७५ ग्रॅमच टाकलं. पण शेजारी म्हणतोय एवढ्यानं काय होतंय?" मी म्हटलं, त्याला माझ्याकडं पाठव.

या मे महिन्यात मुलगी पुन्हा आली होती. नातू आता तीन वर्षांचा, रानभर पळतो. उन्हातून आला की पाणी मागतो. घरात ओआरएस आहेच. पण आता पाकिटाशेजारी एक लिटरची बाटली ठेवलीय, तिच्यावर मुलीनं पेनानं रेघ मारलीय. रेघेपर्यंत पाणी भरल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही, असं तिनं मला बजावलंय. मी मान डोलावली. माझ्या शेडमधल्या पंपाच्या टाकीवर पण तशीच रेघ आहे.

तुमच्याकडं असं कुणाचं पीक जास्त खतानं बसलं असेल तर लाज न धरता सांगा. दुसऱ्याचं रान वाचेल.